कोटाच्या आतला चांदा

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, पूर्वेकडे अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा. खिडक्यांची नावं हनुमान, विठोबा, चोर, बगड आणि मसान. यातली मसान खिडकी कशासाठी होती ते कुणी वेगळं सांगायची गरज नाही. आज शहराची सगळी वर्दळ जटपुरा दरवाज्यातून होते. गांधी चौकाकडून येणारा बाजाररस्ता तिथे अरुंद होतो आणि मोटारसायकली, ऑटो, शाळेच्या बसगाड्या एकमेकांत अडकून उभ्या राहतात. चंद्रपूर बघायला आलेला पाहुणा बहुधा हा एकच दरवाजा पाहतो आणि ताडोब्याच्या रस्त्याला लागतो. मला विचाराल तर हे शहर उलट्या टोकाने वाचायला घ्यावं. पठाणपुऱ्याकडून, जिथे इरई आणि झरपट या नद्या एकत्र येतात तिथून.

आम्हा कुरखेड्याच्या माणसांचं या शहराशी जुनं आणि थोडं कंटाळवाणं नातं आहे. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोवर आम्ही चांदा जिल्ह्यातलेच. शेतीचा खटला असो की मोठ्या साहेबाची सही, वडशाला जाऊन छोट्या रुळावरची गाडी धरायची आणि चांदा फोर्टला उतरायचं. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजूनही ‘चांद्याले जातो’ हेच येतं, शहराचं नाव साठच्या दशकात बदललं तरी. त्याही आधी गेवर्धा, पळसगड, सोनसरी, कोरची या आमच्या बाजूच्या जमीनदाऱ्या वैरागड परगण्यातून चांद्याच्या गोंड राजांना टाकोळी भरत होत्या. आमच्या सती नदीच्या काठचा पैसा इरईच्या काठी जाण्याची रीत अशी काही शतकांची आहे. मात्र तारखेला गेलेल्या माणसाने कचेरीपलीकडे शहर म्हणून काही पाहिल्याचं फारसं ऐकिवात नाही.

शहर वसलं त्याची कथा या भागात सगळ्यांना ठाऊक असते. गोंडांची राजधानी तेव्हा वर्धेच्या काठी बल्लारपूरला होती. राजा खांडक्या बल्लाळशाह. अंगभर गाठी आणि फोड, काही केल्या बरे होईनात. शिकारीला निघाला असता तहान लागली म्हणून झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्याचं पाणी तो प्याला, त्यानेच हातपाय धुतले आणि जिथे पाणी लागलं तिथली कातडी साफ झाली. त्या जागी अंचलेश्वराचं ठाणं सापडलं. पुढे त्याच परिसरात त्याला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणी शहाणी होती. ती म्हणाली, ससा कुत्र्याला पळवतो ती जमीन साधी नाही, इथे शहर बांधा. सशाच्या धावेची रेघ तीच कोटाची रेघ ठरली. हा काळ पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. मेजर ल्युसी स्मिथने १८६९च्या बंदोबस्त अहवालात गोंड राजांची वंशावळ आणि या गोष्टी लिहून काढल्या आणि पुढच्या गॅझेटियरांनी त्याच घेतल्या. मराठीत अ. ज. राजूरकरांचा ‘चंद्रपूरचा इतिहास’ आहे. वंशावळीतल्या सुरुवातीच्या राजांची सालं मात्र कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर जरा सावध राहावं.

एका पिढीत कोट उभा राहिला नाही. खांडक्याने पाया घातला, हिरशाहाने आतला बालेकिल्ला आणि दरवाजे उभारले, पुढे धुंड्या रामशाहाच्या काळात तट पुरा झाला, अशी परंपरा सांगते. दरवाज्यांवर हत्तीला पायाखाली दाबणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंडांचं राजचिन्ह. वैरागडापासून माणिकगडापर्यंत कुठेही ते दिसलं की जागा कुणाची होती ते कळतं.

आता या तटाच्या लांबीविषयी. इंग्रजी काळातल्या नोंदींत कोटाचा घेर साडेपाच मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर दिला आहे. हल्ली सर्रास ११ किलोमीटर सांगितला जातो. कोणताही आकडा घ्या, शहराच्या मानाने तो फार मोठा आहे. १९०१च्या खानेसुमारीत चांद्याची वस्ती १७,८०३ होती आणि त्या वेळच्या वर्णनांत कोटाच्या आत सुटी खेडी आणि नांगरटीची शेतं असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे तट शहराच्या अंगाला सैल होणाऱ्या सदऱ्यासारखा होता. एवढा तट लढाईत राखायला किती माणूस लागेल? १८१८च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या इंग्रजी फौजेने तोफा लावल्या तेव्हा उत्तर मिळालं. भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग शरण गेला नाही, पण भिंतीला खिंडार पडलं, फौज आत घुसली आणि गंगासिंग लढताना मारला गेला. १७५१च्या सुमाराला गोंडांकडून भोसल्यांकडे गेलेला चांदा असा इंग्रजांच्या हाती पडला.

तोफांपुढे हा कोट एकदा हरला. पाण्यापुढे तो दर काही वर्षांनी उभा राहतो. माझं मत असं की तो बांधणाऱ्यांच्या मनात शत्रूइतकीच, कदाचित थोडी जास्तच, इरई होती. एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट, टोकाला संगम आणि जमीन सपाट. अशा जागी शहर वसवायचं तर पंधरा-वीस फूट उंचीचा दगडी बांध हवाच. त्याला बुरूज जोडले की तो कोट होतो. याला लेखी पुरावा माझ्याकडे नाही. पुरात पठाणपुरा दरवाज्याशी जाऊन उभं राहिलं की मात्र पटतं.

इरईचा पूर थोडा समजून घेण्यासारखा आहे. ती नुसती वरून आलेल्या पावसाने चढत नाही. खाली ती वर्धेला मिळते. वर्धा फुगलेली असली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे दाबलं जातं. त्याच वेळी वर इरई धरण भरतं आणि त्याचे दरवाजे उघडावे लागतात. हे धरण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलं. आज २,९२० मेगावॉट क्षमतेच्या त्या केंद्राला पाणी तिथूनच जातं. वरून धरणाचं पाणी, खालून वर्धेचा दाब आणि मध्ये सपाट पात्र. त्यात कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर नदीच्या कडेला उभे राहिले आणि पाण्याला पसरायची जागा आणखी कमी झाली. २००६, २०१३, २०२२ या वर्षांत शहराने हे पाहिलं. रहमतनगरसारख्या नदीलगतच्या वस्त्यांमध्ये घरांत पाणी शिरतं, माणसं शाळांमध्ये हलवावी लागतात, पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा रस्ता बंद होतो. कोटाच्या आतली जुनी घरं त्या मानाने निश्चिंत असतात. निश्चिंत म्हणजे अगदी कोरडी नव्हेत, कारण नाल्या तटाला विचारत नाहीत.

जर्मनीतलं पासाऊ हे असंच पाण्याच्या कुशीतलं शहर. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात आणि जुनी वस्ती बरोबर त्या चिंचोळ्या टोकावर आहे. तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पुरांच्या रेघा आणि सालं नोंदवून ठेवली आहेत. सगळ्यात वरची १५०१ची. ३ जून २०१३ला पाणी १२.८९ मीटरवर गेलं तेव्हा पाचशे वर्षांतला तो सर्वांत मोठा पूर हे लोकांना भिंत पाहूनच कळलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात इरईही कोटापर्यंत आली होती. पण पाणी कुठवर आलं याची एकही रेघ पठाणपुऱ्याच्या दगडावर नाही. असं सालवार कोरून ठेवायला फार खर्च येणार नव्हता. आता हा तट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा कुणी छिन्नी घेऊन गेलं तर गुन्हा दाखल होईल. शेजारी एक साधा दगडी खांब रोवायला तरी हरकत नसावी.

या संरक्षणाची दुसरी बाजू तटालगत राहणाऱ्यांना विचारावी. कायद्याने संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. आता ही १०० मीटरची पट्टी एवढ्या लांब भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून पाहा. जुनी कवेलूची, मातीच्या भिंतींची घरं मोडकळीला आली तरी माडी चढवता येत नाही. लोक मग विनापरवाना बांधतात, नोटिसा येतात, आणि तट मध्ये उगाच बदनाम होतो. एवढं संरक्षण असूनही पिंपळ आणि वडाची रोपं चिरांतून उगवून दगड फोडत होती, खिडक्यांत कचरा साचला होता, बुरुजांवर जायला वाट उरली नव्हती. १ मार्च २०१७ला बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी तट साफ करायला सुरुवात केली. रोज सकाळी काही तास श्रमदान. सलग शेकडो दिवस ते चाललं, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला आणि नंतर रविवारी तटावरून फेरी काढायची प्रथा पडली. स्वतःच्या शहराच्या भिंतीवर पहिल्यांदा चढलेले चंद्रपूरकर त्या फेऱ्यांत पुष्कळ असतात.

झरपटीच्या बाजूचा चांदा वेगळ्या स्वभावाचा. इथे देव आणि मृत राजे शेजारी शेजारी आहेत. अंचलेश्वराच्या मंदिराला लागून गोंड राजांच्या समाध्या आहेत आणि त्यात सर्वांत भव्य बीरशाहाची. बीरशाहाचा खून त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या माणसाने केला असं सांगतात. त्याची राणी हिराई हिने मागे राहून अठराव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं राज्य सांभाळलं, नवऱ्यासाठी ही समाधी बांधली आणि महाकालीचं मंदिरही तिच्याच नावावर सांगितलं जातं. राजांनी राण्यांसाठी बांधलेल्या इमारतींचं कौतुक आपल्याकडे खूप झालं. राणीने राजासाठी बांधलेली ही घुमटी तुलनेने एकटी आहे.

चैत्रात मात्र इथे पाय ठेवायला जागा नसते. महाकालीच्या यात्रेला चंद्रपूरकरांपेक्षा बाहेरची माणसं जास्त. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून आणि तेलंगणातून जथेच्या जथे येतात. रेल्वेने, ट्रॅक्टरने, डफ वाजवत, पोतराज पुढे घालून. पहिलं स्नान झरपटीत करायचं ही रीत. ज्या पाण्याने राजाचं अंग बरं झालं त्याच पाण्यात आज शहराचे नाले येतात आणि पात्रभर जलपर्णी माजते. यात्रा जवळ आली की महानगरपालिकेची माणसं ती उपसतात, यात्रेकरूंसाठी नळ लावले जातात, आणि पुढच्या वर्षी हिरवा थर पुन्हा तितकाच जाड होतो. देवीच्या दारातच कोळशाची खाण आहे आणि तिचंही नाव महाकाली कोलियरी. खाण कामगारांची वस्ती पुढे लालपेठेपर्यंत जाते.

तिकडेच भिवापूर-लालपेठ भागात उघड्यावर अवाढव्य मूर्ती पडल्या आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने मोठं देऊळ बांधायचं ठरवलं, एकेका अखंड दगडातून मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो वारला. सगळ्यात मोठी मूर्ती दहा तोंडांच्या दुर्गेची, सुमारे पंचवीस फूट लांब. दहा तोंडं पाहून लोकांनी तिला रावण करून टाकलं आणि जागेचं नाव तेच पडलं. एवढा दगड जागेवरून हलवणं कुणालाच जमलं नाही, म्हणून मूर्ती वाचल्या.

कोटाच्या आत उत्तरेकडे रामाळा तलाव आणि राजवाड्याच्या जागी जिल्हा कारागृह. गोंडांचा वाडा इंग्रजांनी तुरुंग केला तो अजून तुरुंगच आहे. त्याच्या आवारात गैबीशाह वलींचा दर्गा असल्यामुळे मोहरमला दारं लोकांसाठी उघडतात. वर्षातून तेवढेच दिवस सामान्य माणूस स्वखुशीने आत जातो. इंग्रजांविरुद्ध उठलेले मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ला इथेच फाशी दिली. आमच्या जिल्ह्यातल्या गावागावांत त्यांची जयंती होते. चांद्याला तारखेला जाणारे आमचे म्हातारे तुरुंगासमोर थांबून हात जोडत, हे मात्र मी ऐकलेलं आहे.

इंग्रजांच्या कचेऱ्या आणि बंगले जटपुऱ्याबाहेर झाले, पुढे वीज केंद्रही उत्तरेलाच आलं आणि शहराचं तोंड तिकडे वळलं. पठाणपुरा, बिनबा हे वॉर्ड मागच्या अंगणात गेले. कधीकाळी चांद्याच्या चपला, टसर आणि पितळी भांडी नावाजलेली होती आणि टसरचे कोसे आमच्या आरमोरीकडच्या जंगलातून जात. आज २०११च्या खानेसुमारीप्रमाणे सव्वातीन लाखांच्या घरात गेलेल्या शहरात हा व्यवहार कुणाला आठवत नाही. आरमोरीत कोसा अजून निघतो, पण तो चांद्याला थांबत नाही.

जायचं तर वडशाहून मोठ्या रुळावरची गाडी आता आहे. चांदा फोर्टला उतरून ऑटोवाल्याला जटपुरा सांगू नका, अंचलेश्वर सांगा. समाध्या, महाकाली, मग रावणमूर्ती, तिथून कोटाच्या कडेने पठाणपुरा आणि शेवटी बिनबा. पायी चाललात तर अर्धा दिवस जातो. ऊन उतरल्यावर निघा, आणि श्रावणात जाणार असाल तर आधी इरई धरणाचे सातांपैकी किती दरवाजे उघडलेत ते पेपरात पाहून घ्या.