पुंगळीची मान कुठून मोजायची?

संपादकांना ‘एखादं यंत्र’ हवं होतं. छापखाना, पिठाची चक्की आणि रहाट यांच्यावर इतरांनी आधीच हक्क सांगितला होता, आणि मी निघालो होतो अमेरिकेला. तिथे इलिनॉयमध्ये ओळखीचे एक काका राहतात. उमेदीच्या वयात पिंपरीच्या एका कारखान्यात टूलमेकर होते, पुढे तिकडेच गेले, तिकडचेच नागरिक झाले. ते रायफल रेंजवर नेमाने जातात आणि काडतुसं घरच्या गॅरेजात स्वतः भरतात, एवढं ऐकून होतो. दारू, शिसं, धोका असलं काहीतरी नाट्यमय डोक्यात धरून मी गेलो. काकांनी पुढ्यात ठेवलं ते वीतभर लांबीचं, हँडल मारून फिरवायचं एक बारकं लेथ. केस ट्रिमर. वापरलेल्या पितळी पुंगळीची मान वाढली की तिचं टोक छाटायचं, एवढंच त्याचं काम.

एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आपल्याकडची पितळी काडतुसं अनेक वर्षं सरकारी कारखान्यांतूनच येत. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना तर 1869 पासूनचा. शिवाय ज्या नेमबाजीमुळे मराठी घरांत रायफलीचं नाव कौतुकाने घेतलं जाऊ लागलं, म्हणजे तेजस्विनी सावंतचं 2010 मधलं जगज्जेतेपद किंवा स्वप्नील कुसाळेचं 2024 मधलं पॅरिसचं कांस्य, त्या 50 मीटरच्या प्रकारात .22 रिमफायर काडतूस चालतं. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि कड एकदा ठेचली गेली की पुंगळी कायमची बाद. ट्रिमरचा संबंध येतो तो मधोमध सुटा प्रायमर (ठिणगीची टोपी) बसवलेल्या काडतुसांशी.

अशा काडतुसात सगळ्यात महाग भाग पुंगळीच असतो. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. बार झाला की दारू जळून जाते, गोळी निघून जाते, प्रायमर मरतो; पुंगळी मात्र परत हातात येते. ती सोडवत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

पण परत येते ती तशीच येत नाही. .308 विंचेस्टरच्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला 62,000 पौंड आहे. एवढ्या दाबाखाली पितळ फुगतं आणि रायफलीच्या चेंबरच्या भिंतीला चिकटतं. ती फुगलेली पुंगळी पुन्हा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापात आणली की दबलेला धातू जाणार कुठे? पुढे सरकतो, मानेकडे. मानेच्या आतून बाहेर ओढला जाणारा एक्स्पांडरचा मणी उरलीसुरली ओढ देतो. .308 ची पुंगळी भरणीच्या पुस्तिका 2.005 इंचांपर्यंत छाटायला सांगतात; जास्तीत जास्त 2.015, हे अमेरिकन उत्पादकांच्या संघटनेचं मानक. ही संघटना 1926 पासून मापं ठरवते आहे. मधला फरक पाव मिलिमीटरचा. त्यापलीकडे मान लांबली तर तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या पायरीवर टेकतं, आत वळतं आणि गोळीला घट्ट आवळतं. गोळी सुटायला अडली की दाब वाढतो, आणि तो रायफल चालवणाऱ्याच्या गालापासून चार बोटांवर वाढत असतो.

या यंत्रांचा अधिकृत इतिहास कंपन्यांच्या पुस्तिकांत भरपूर आहे, मी तो भराभर चाळला. त्यातली एकच गंमत लक्षात राहिली. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 मध्ये, युद्धामुळे गोळ्या मिळेनाशा झाल्यावर, .22 च्या रिकाम्या पुंगळ्यांपासूनच गोळ्यांची आवरणं बनवणाऱ्या डाय काढल्या. त्या डोंगरातल्या ‘रॉक चक’ नावाच्या घुशीसारख्या प्राण्याच्या शिकारीसाठी होत्या, म्हणून ‘रॉक चक बुलेट स्वेज’. त्याच आद्याक्षरांची आजची आरसीबीएस कंपनी ती हीच. म्हणजे भंगारात न टाकण्याची वृत्ती या धंद्याच्या मुळातच आहे.

मला खिळवून ठेवलं ते एका साध्या प्रश्नाने. कापायचं तोंडाकडून, हे ठीक. पण मोजायचं कुठून?

काकांनी सुरुवात केली ती विस्कॉन्सिनच्या ली कंपनीच्या कटरने. त्यात फिरवून लावायचं काहीच नाही. पुंगळीच्या आतून एक दांडी जाते, बुडाच्या बारीक भोकातून बाहेर डोकावते आणि खालच्या पकडीवर टेकते. ती टेकली की कटर पुढे जातच नाही. लांबी त्या दांडीतच कोरलेली. प्रत्येक काडतुसाला वेगळी दांडी, पण स्वस्त. “अडाणी माणसानं वापरलं तरी चुकत नाही,” काका म्हणाले, “आणि हुशार माणसाला सुधारताही येत नाही.” त्यांना हेच डाचायला लागलं असावं.

मग आलं फॉर्स्टर, इलिनॉयमधल्याच लॅनार्क गावचं. लेथसारखंच : एका टोकाला कॉलेट, दुसऱ्या टोकाला कटरचा दांडा, कटरच्या नाकावर मानेत घुसणारा पायलट. लांबी हवी तिथे अडवता येते. पण कॉलेट बुडाची कड पकडतो आणि आवळताना पुंगळीला किंचित आत ओढतो. कड सगळ्या पुंगळ्यांची सारखी जाड नसते. कंपनी बदलली की जाडी बदलते, आणि ओढही. काकांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मूठभर पुंगळ्या माझ्यासमोर छाटून व्हर्नियरखाली धरल्या. आकडे दोन-तीन हजारांश इंचांनी इकडेतिकडे नाचत होते. मला ते काहीच वाटले नाहीत. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमीर गावच्या विल्सन ट्रिमरने त्यांना शांत केलं. त्यात कड पकडायचीच नाही. पुंगळीच्या निमुळत्या अंगाला नेमका बसणारा पोलादी होल्डर असतो. त्यात पुंगळी हलकेच ठोकून बसवायची, बूड मागच्या स्क्रूला टेकवायचं आणि कटर फिरवायचा. तोंड काटकोनात कापलं जातं. वेळ लागतो, आणि काडतुसाच्या प्रत्येक घराण्याला नवा होल्डर घ्यावा लागतो.

इथवर सगळे बुडापासूनच मोजत होते. दुसरा पंथ म्हणतो, बूड सोडा, खांद्यापासून मोजा. बाटलीच्या आकाराची, कड नसलेली पुंगळी चेंबरमध्ये थांबते ती खांद्यावर. मानेचं टोक चेंबरच्या पायरीपासून किती दूर राहणार, हे खांदाच ठरवतो. शिंपी बाहीचं माप खांद्यावरून घेतो, कमरेवरून नाही, तसंच हे. या जातीचे ट्रिमर मोटरवर चालतात : पुंगळी हातात धरून भोकात खुपसायची, खांदा आत टेकतो, पातं घरघरतं, झालं. अॅरिझोनाच्या डिलन कंपनीने तर हे काम भरणीच्या प्रेसवरच चढवलं. पुंगळी मापात येते त्याच दट्ट्यात छाटलीही जाते.

तर्काने मी या पंथात गेलो असतो. काका गेले नाहीत. “खांदा डायनं ढकललेला असतो,” ते म्हणाले. “डाय ज्यानं लावली त्याच्या हाताची चूक मी मोजणीचा डेटम म्हणून धरू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय खांद्याचा नियम सगळ्यांना लागू नाही. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं असलेल्या .303 चं काडतूस कडेवर थांबतं; .45 पिस्तुलाचं सरळसोट काडतूस चक्क तोंडावर थांबतं. ते जास्त छाटलं तर त्याचा आधारच जातो. पिस्तुलाच्या पुंगळ्या बहुतेक लोक छाटतच नाहीत.

ट्रिमर निवडला की सुटलो, असं मला वाटलं होतं. तिथून खरा खर्च सुरू होतो. गोळीच्या प्रत्येक व्यासाला वेगळा पायलट; .308 आणि .30-06 यांना एकच चालतो, एवढीच सवलत. कापलेल्या तोंडाला आतबाहेर बर, म्हणजे खरखरीत कड, येते. आतली न काढता गोळी बसवली तर तिच्या तांब्याच्या कातडीला ओरखडे जातात. म्हणून चॅम्फरचं हत्यार, लांब निमुळत्या गोळ्यांसाठी वेगळ्या कोनाचं. कापणं, आतून घासणं, बाहेरून घासणं एका फेरीत करणारा तीन पात्यांचा कटर मिळतो. काकांकडे आहे. तो लावताना ते स्वतःशी पिंपरीच्या भाषेत बोलत होते. पाती बसतात ती मानेच्या एका जाडीला, आणि कंपनी बदलली की जाडी बदलते. ती सारखी करायला मान बाहेरून सोलायचं जोडयंत्र. सैन्याकडच्या वापरलेल्या पुंगळ्या असतील तर प्रायमरभोवतीचा ठेचलेला काठ मोकळा करायचं आणखी एक. पुन्हापुन्हा फुगून-दबून पितळ कडक होतं, मान तडकते; म्हणून ती ज्योतीत धरून नरम करायची सोय. व्हर्नियर चांगलाच हवा. आणि क्रम चुकवायचा नाही : आधी डाय, मग वंगण पुसणं, मग छाटणं. आधी छाटून मग डायमध्ये दाबली तर मान परत वाढलेली. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय चहा नाही, हा काकूंचा नियम.

यातलं काहीच मला फारसं धास्तावणारं वाटलं नाही. धास्ती पुढे होती. टेबलाखालच्या डब्यात पितळेचा सोनेरी कीस साठला होता. तो उचलून मी विचारलं, हे पितळ आलं कुठून? पुंगळीचं वजन तर कुणी वाढवलं नाही.

काकांनी उभी चिरलेली एक पुंगळी काढली. बुडाजवळची भिंत जाड असायला हवी. बुडाच्या थोडंसं वर, आतल्या बाजूने, नखाला लागेल अशी खाच होती. बार झाला की भिंतीचा पुढचा पातळ भाग चेंबरला चिकटून बसतो, बूड मागे, चेंबर बंद करणाऱ्या बोल्टकडे रेटलं जातं, आणि ताण पडतो तो इथे. मानेवर छाटला जाणारा बराचसा धातू मूळचा इथला. एक दिवस पुंगळी इथेच दोन तुकडे होते. बूड बाहेर येतं, उरलेली नळी चेंबरमध्ये अडकते. नशीब वाईट असेल तर जळता वायू मागे, तोंडाकडे येतो.

म्हणजे छाटणी लांबी बरोबर करते आणि त्याच वेळी झीज झाकते. ट्रिमरमधून निघालेली पुंगळी मानकाबरहुकूम असते. बुडात काय चाललंय हे कुठल्याच पंथाच्या यंत्राला कळत नाही. काका तारेचा एक तुकडा टोकाशी वाकवून आत घालतात आणि भिंतीवरून वर ओढतात. खाच असेल तर टोक अडखळतं. बाहेरून कधी चकाकती रेघ दिसते, कधी दिसत नाही. डायने खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर ताण वाढतो, म्हणून ते डाय लावायला ट्रिमरपेक्षा जास्त वेळ देतात. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी असते : किती बार, किती वेळा छाटलं. छाटणीचा आकडा त्यांनी ठरवलेल्या हद्दीला पोचला की पेटी बाद, तारेला काही लागो वा न लागो.

मी असताना एक पेटी निघाली. काका एकेक पुंगळी ऐरणीवर ठेवून हातोडीने तिचं तोंड चेपत होते. मी म्हटलं, काका, चांगल्या दिसतायत की.

“दिसतात ना,” ते म्हणाले. “भंगारवाल्याकडून कुणी उचलून परत भरू नये, म्हणून तर ठेचतोय.”