तीन डॉलरची खिडकी

कमी पैशांत हाँगकाँग फिरता येतं, असं म्हटलं की समोरचा आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतो. घरांच्या किमतींत जगात पहिल्या रांगेत असलेलं हे शहर, तिथे पाठीवर सॅक टाकून जाणाऱ्याचं काय होणार? माझं उत्तर ठरलेलं असतं. हाँगकाँगमध्ये महाग आहे ती जागा. चार भिंती आणि दाराला कडी असलेली कुठलीही गोष्ट तिथे महाग. एकदा रस्त्यावर आलात की तेच शहर हात सैल सोडतं. ट्राम, बोट, डोंगर, समुद्रकिनारे, जे जे उत्तम ते सगळं तिथे सार्वजनिक आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. १८४२च्या तहानं हे बेट ब्रिटिशांकडे गेलं, १९९७मध्ये सगळा प्रदेश चीनकडे आला. तिथला डॉलर १९८३पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे. आपल्या हिशेबानं एका हाँगकाँग डॉलरचे अकरा-बारा रुपये धरून चाला. भारतीय पासपोर्टवाल्यांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन आगाऊ नोंदणी करायची, ती मोफत असते आणि चौदा दिवस राहता येतं. विमानतळावरून रेल्वेऐवजी बस धरा, निम्म्याहून जास्त पैसे वाचतात.

मुक्काम चुंगकिंग मॅन्शन्समध्ये. नाथन रोडवरची ही १९६१ सालची सतरा मजली इमारत, पाच विंगा आणि मजल्या-मजल्यावर गेस्टहाउसं. खोली कशी असते? दार उघडलं की पलंग, पलंगाच्या तीन बाजूंना भिंत, आणि न्हाणीघरात कमोडच्या बरोब्बर डोक्यावर शॉवर. पण चादर स्वच्छ आणि मालक बहुधा हिंदी बोलणारा. गॉर्डन मॅथ्यूज या मानववंशशास्त्रज्ञानं या एका इमारतीवर अख्खं पुस्तक लिहिलं. गेस्टहाउसांच्या नोंदवह्यांत त्याला १२९ देशांचे लोक सापडले. सकाळी लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की त्यावर सहज विश्वास बसतो. तळमजल्यावर पैसे बदलायचे असतील तर दर्शनी गाळे सोडून चार पावलं आत जा, भाव बरा मिळतो. समोसा, थाळी, रोटी तिथेच, त्यामुळे शाकाहाऱ्यानं उपाशी राहण्याचं कारण नाही.

आता ट्राम. खरं सांगायचं तर हा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली. माझ्या पिढीच्या वाट्याला आल्या त्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी. हाँगकाँगची ट्राम १९०४ला सुरू झाली ती अजून धावते आहे, दुमजली, आणि लोक तिला तिच्या घंटेवरून 'डिंग डिंग' म्हणतात. कुठूनही कुठेही जा, भाडं एकच, तीन-साडेतीन डॉलरच्या आत. चढायचं मागच्या दारानं, उतरायचं पुढच्या, आणि पैसे उतरताना. सुटे परत मिळत नाहीत, म्हणून ऑक्टोपस हे प्रीपेड कार्ड जवळ ठेवा. चढताच जिन्यानं वर जायचं आणि अगदी पुढची जागा धरायची. काच खाली सरकवता येते. समोरून दुसरी ट्राम आली की दोघींच्या मध्ये हातभर अंतरही वाटत नाही.

पश्चिमेला केनेडी टाऊनला बसा. पहिल्या काही थांब्यांतच सुक्या मासळीच्या दुकानांची रांग लागते आणि खिडकीतून जो वास आत येतो तो पावसाळ्यापूर्वी बोंबील भरून ठेवलेल्या कोकणातल्या माजघराचा. मग बँकांच्या काचेच्या इमारती, मग वान चाय. हे रूळ बरेचसे जुन्या किनाऱ्याला धरून टाकलेले आहेत. आज समुद्र कुठे दिसत नाही, कारण पुढे भर घालत घालत शहरानं त्याला दूर ढकललं. रूळ जिथे वळतात तिथे पूर्वी किनारा वळत होता, हे लक्षात ठेवून बसलं की प्रत्येक वळण बघावंसं वाटतं. नॉर्थ पॉइंटला जाणारी गाडी तर सरळ चुन यंग स्ट्रीटच्या मंडईत शिरते. दोन्ही बाजूंना भाजीचे ढीग, हुकाला टांगलेलं मांस, लाल दिवे. ड्रायव्हर घंटा वाजवतो, आजीबाई पिशवी सांभाळत दोन पावलं बाजूला होतात, ट्राम पुढे गेली की पुन्हा रुळांवर. एवढी मोठी गाडी आणि एवढी गर्दी, पण कुणाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. याच्यासाठी मी पुन्हा पुन्हा गेलो आहे.

पीक ट्राम वेगळी, ती डोंगरावर चढणारी आणि खिशाला जड. त्यापेक्षा सेंट्रलहून पंधरा नंबरची दुमजली बस घ्या. वळणावळणानं जाते आणि माझ्या मते जास्त दाखवते.

ट्रामच्या बेटावरून बंदर ओलांडून चुंगकिंगच्या बाजूला यायला स्टार फेरी. तिचा पाया घातला मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थानं, एकोणिसाव्या शतकात. चुंगकिंगच्या जवळून जाणारा मोदी रोडही होरमसजी मोदींच्या नावाचा, हाँगकाँग विद्यापीठाला मोठी देणगी देणाऱ्या मुंबईकराच्या. पाच-सहा डॉलरांत हे सगळं पायाखाली येतं.

वान चायच्या गुरुद्वारात लंगर असतो. डोकं झाकून, हात धुऊन, पंगतीत बसून खा, आणि जमेल तेवढी सेवा करून उठा.

आणि एखादी रात्र भिंतींचं भाडं वाचवायचंच असेल तर तंबू न्या. शहराचा साधारण चाळीस टक्के भाग संरक्षित कंट्री पार्कांत आहे आणि तिथली सरकारी कॅम्पिंगची मैदानं फुकट आहेत. साई कुंगहून ९४ नंबरच्या बसनं पाक ताम आऊला उतरायचं आणि शंभर किलोमीटरच्या मॅक्लेहोज वाटेचा एक तुकडा उतरत हाम तिनच्या किनाऱ्यावर पोचायचं. उन्हाळ्यात घामाच्या धारा आणि वादळांची भीती. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, आकाश मोकळं असतं. फराळाचा डबा सोबत घ्या, किनाऱ्यावरच्या टपरीत गरम नूडल्स मिळतात, पण पाणी भरपूर न्या.