खोक्यावरचे आकडे आणि आपले डोळे

हयातीचा दाखला, बँकेचे व्यवहार, दूरदेशीच्या नातवंडांचे दर्शन, रोजचे वाचन, हे सारे आता संगणकाच्या पडद्यावर येऊन ठेपले आहे. हा पडदा, म्हणजेच मॉनिटर, घेताना ‘मोठा आकडा तो चांगला’ असे समजून मुले आईवडिलांसाठी महागडी वस्तू आणतात. आणि त्यावरील बारीक अक्षरे पाहून ज्येष्ठ मंडळी संगणकाचा नादच सोडून देतात. म्हणून खोक्यावरचा प्रत्येक आकडा आपल्या डोळ्यांच्या सोयीने वाचावयास हवा.

पहिला आकडा आकाराचा. तो पडद्याची रुंदी नव्हे, तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी लांबी सांगतो. प्रचलित २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असतो.

दुसरा आकडा रिझोल्यूशनचा. १९२० × १०८० म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. यालाच ‘फुल एचडी’ म्हणतात. ‘४के’ पडद्यावर हे ठिपके चौपट असतात. पडद्याचा आकार तोच राहिला, तर प्रत्येक ठिपक्याची लांबी-रुंदी निम्मी होते आणि त्याबरोबर अक्षरही निम्मे दिसते. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमधील ‘स्केल’ वाढवल्यास अक्षर पुन्हा मोठे आणि अधिक रेखीव होते. मात्र ही तजवीज करून देणारे घरात कोणी नसेल, तर २७ इंची फुल एचडी मॉनिटर अधिक सोयीचा. त्यावरील अक्षर २४ इंची फुल एचडीपेक्षा अष्टमांशाने मोठे असते.

तिसरा आकडा तेजाचा. तो ‘निट्स’मध्ये देतात. घरगुती वापरास २५० ते ३०० निट्स पुरेत. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते; साठीच्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच असतो. तथापि पडद्याचे तेज कमाल करणे हा त्यावरील उपाय नव्हे. मोतीबिंदूच्या सुरुवातीस प्रखर प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि तिरीप येते. पडद्याशेजारी कोरा कागद धरावा. दोहोंचा पांढरेपणा सारखा दिसेल इतकेच तेज ठेवावे. पृष्ठभाग चकचकीत नसून मॅट असावा आणि खिडकी पाठीशी वा समोर न येता बाजूला असावी.

चौथा आकडा रिफ्रेश रेटचा. वाचनास आणि व्हिडिओ कॉलला ६० हर्ट्झ पुरेसे आहेत. १४४ हर्ट्झचे मोल वेगवान खेळ खेळणाऱ्यांना. तेथे वाचलेले पैसे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्टँडवर खर्चावेत. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात असतो. पडदा उंच असला की हनुवटी वर करून पाहावे लागते आणि मान आखडते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी, अंतर हातभर असावे. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. म्हणून पडद्याचे अंतर मोजून ते नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगावे.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. अक्षर मोठे करूनही धूसरच दिसत असेल, तर मॉनिटरला दोष देत बसू नये. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून पडद्यावरील सरळ रेषेकडे पाहावे. रेषा वाकडी भासली किंवा मध्येच तुटलेली दिसली, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार असू शकतो. विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आणि घरातील काळजीवाहकांना एक विनंती. मॉनिटर परस्पर आणू नका. ज्यांना तो वापरायचा आहे त्यांना त्यांच्या चष्म्यासह दुकानात न्या, समोर बसवा आणि पडद्यावर मराठी मजकूर उघडून द्या. आपल्या लिपीचा कस ओळीच्या वर आणि खाली लागतो. रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ उकार त्यांना न अडखळता वाचता आले, तर तो मॉनिटर त्यांच्यासाठी योग्य समजावा; मग खोक्यावरचे आकडे लहान असले तरी हरकत नाही.