केव्हा, आणि काय केलं?

प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींना तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, ते गुणांपलीकडचं मूलही कागदावर दिसावं म्हणून. पण सत्र संपताना चाळीस मुलांच्या नोंदी एकदम भरायच्या, तेही इतर सतरा माहित्या पाठवता पाठवता. मग तयार वाक्यांच्या याद्या निघाल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या, आणि ‘शालेय शिस्त पाळतो’, ‘चित्रे काढायला आवडतात’ एवढ्यातच निम्मा वर्ग मावू लागला. या याद्यांना हसणं सोपं आहे. मूल मात्र त्या नोंदी खऱ्या मानून वाचतं. पहिलीतला मुलगा ‘मी सगळ्यांत जोरात पळतो’ असं बेधडक सांगतो. चौथी-पाचवीतल्याला आपला नंबर कितवा आला ते नेमकं ठाऊक असतं. स्वतःला शेजारच्याशी ताडून पाहण्याचं हेच वय. अशा वेळी मोठ्या माणसाने उच्चारलेलं एखादं विशेषण त्याला नावासारखं चिकटतं: हुशार, मस्तीखोर, अबोल, कच्चा.

म्हणून या वयातली ओळख विशेषणांत नव्हे, क्रियापदांत शोधायला हवी. ‘मी’ या विषयावर चौथीच्या मुलांना लिहायला सांगितलं की आधी नाव, गाव, वडिलांचा धंदा आणि आवडता रंग येतो. शेजारच्याबद्दल लिहायला सांगितलं तर ‘तो चांगला आहे’, ‘ती हुशार आहे’. इथे वही तपासून बाईंनी बरोबरची खूण केली तर काम तिथेच संपलं. पण त्यांनी ‘केव्हा? काय केलं?’ एवढंच विचारलं, की मूल थबकतं, आठवू लागतं आणि दुसरं वाक्य पहिल्याहून लांब येतं: खिचडी वाढताना तिने आधी लहान वर्गाची रांग घेतली, भागाकार चुकला तेव्हा त्याने पान फाडलं नाही, खाली पुन्हा मांडला. दोन-तीन आठवड्यांत मुलं न विचारता असं टिपू लागतात. या कामाचा अवघड भाग ज्याच्याबद्दल कुणालाच काही आठवत नाही त्या मुलाचा. तिथे शिक्षकाला स्वतः आठवडाभर डोळा ठेवावा लागतो, आणि याला कुठलीच यादी पुरी पडत नाही.

‘हुशार’ म्हटल्याने मुलाचं बिघडतं काय, असं कुणीही विचारेल. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्याच वयाची मुलं होती. सोपी कोडी सुटल्यावर काहींच्या बुद्धीचं कौतुक झालं, काहींच्या मेहनतीचं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात अपयश आल्यावर बुद्धीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या, पुन्हा सोप्या असलेल्या कोड्यांतही मागे पडली. आपले गुण दुसऱ्यांना कळवताना वाढवून सांगण्याकडेही त्यांचाच कल जास्त होता. या विचारावर पुढे झालेल्या मोठ्या पाहण्यांत परिणाम बराच लहान आढळला, तेव्हा कौतुकाचा शब्द बदलून निकाल पालटेल अशी आशा कुणी धरू नये. पण माझा मुद्दा निकालाचा नाहीच. ‘हुशार’ टिकवून धरावं लागतं. ‘पुन्हा मांडलं’ हे एकदा घडलं की कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ओळख म्हणजे जात, घरची बोली, बापाचं काम हेही आलंच. ते वगळून उरते ती गुळगुळीत ओळख. हे मान्य. प्रश्न फक्त ते कुणी उघडायचं, हा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नावाबरोबर जातही वाचून दाखवली, तेव्हा मोठी दरी पडली. मुलं तशीच, कोडी त्याच प्रकारची. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात ‘अमुक जातीचे हात वर करा’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. अहिराणी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलीने आपला शब्द आपण होऊन फळ्यावर लिहिणं वेगळं, आणि तिच्या उच्चारावर बोट ठेवून वर्गाला हसवणं वेगळं.

वेळेची तक्रार खरी आहे, पण ‘काय केलं’ ते नीट लिहिणं हाच भाषेचा तास. त्यासाठी नवी तासिका नको. मुलाला वर्ग आपला वाटावा यासाठीही वेगळा उपक्रम नको, वर्गात खरी कामं हवीत. फळ्यावर हजेरीचे आकडे मांडणं, पुस्तकपेटीची किल्ली सांभाळणं, परिपाठात बातम्या वाचणं, अशी कामं की करणारा नसला तर अडावं. ती नेहमीच्या चार जणांकडेच राहिली तर बाकीचे पाहुणे ठरतात. कसोटी लागते दसरा-दिवाळीनंतर, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या बाबतीत. हजेरीपटावर त्याच्यापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते आणि मार्च-एप्रिलमध्ये तो परततो तेव्हा बाकावरची जागाही दुसऱ्याची झालेली असते. तो गेल्यावर त्याच्याकडची पेटीची किल्ली दुसऱ्याकडे देताना ‘बदली’ म्हणून दिली, भिंतीवरच्या कामांच्या तक्त्यावर नाव त्याचंच ठेवलं, तर परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी मागायला काहीतरी असतं: किल्ली.