जेसीबी थेट कंपनीला लावताय? दर नंतर, आधी वर्क ऑर्डरमधल्या या ओळी वाचा

सौर प्रकल्प, रस्त्याचं रुंदीकरण, पाइपलाइन अशा कामांवर जेसीबी आणि पोकलेन लागतात. पूर्वी गावाकडचे बरेच मालक मशीन मधल्या ठेकेदाराकडे लावायचे. आता कंपनीचा साइट इंजिनिअर थेट मालकालाच फोन करतो. मधलं कमिशन वाचणार म्हणून मालक खूश. त्याचा पहिला प्रश्न असतो, "ताशी काय देणार?" दर ठरला की सात-आठ पानांची इंग्रजी वर्क ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते आणि मालक ती न उघडताच "ओके सर" लिहून मोकळा होतो. पैसा अडकतो तो त्या पानांत.

समजा दर ताशी 1,000 रुपये ठरला. महिन्याला 200 तास धरून मालक घरी दोन लाखांचा हिशोब मांडतो. पण ऑर्डरमध्ये 'प्रत्यक्ष चाललेले तास' एवढंच लिहिलेलं असलं आणि जमिनीच्या वादामुळे काम थांबून मशीन 110 तासच चाललं, तर बिल 1,10,000 रुपयांचंच होतं. बँकेचा हप्ता आणि ऑपरेटरचा पगार काही थांबत नाही. म्हणून 'महिन्याला किमान इतके तास' ही ओळ मागून घ्यावी. मशीन बिघडलं तर तेवढे तास कापणं रास्त आहे. पण कंपनीचं काम बंद म्हणून मशीन उभं राहिलं, तर ते तास किमान तासांतून कापू नयेत. ही दोन कारणं करारात वेगवेगळी लिहून घ्यावीत.

डिझेल कोणाचं, हेही तोंडी सोडू नये. तासाला पाच लिटर आणि लिटरला 90 रुपये धरले तरी 1,000 मधले 450 डिझेललाच जातात.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती लॉगशीटवरून. दिवसभर मशीन चालतं आणि संध्याकाळी सुपरवायझर म्हणतो, "उद्या सही करतो." महिनाअखेरीस तोच सुपरवायझर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि ऑफिसवाले सही नसलेले तास मान्य करत नाहीत. मालकाकडे पुरावा काय, तर ऑपरेटरचा शब्द. यावर उपाय साधा आहे. लॉगशीटवर कोण सही करणार त्याचं पद करारात लिहावं आणि सही रोजच्या रोज घ्यावी. ऑपरेटरने सकाळ-संध्याकाळ मीटरचा फोटो ग्रुपवर टाकावा. बिलाला हरकत असेल तर ती सात दिवसांत लेखी कळवावी, नाहीतर बिल मान्य धरलं जाईल, अशीही एक ओळ मागावी.

पेमेंटच्या कलमात 'बॅक टू बॅक' हे शब्द दिसले तर तिथेच थांबावं. त्याचा अर्थ, कंपनीला वरून पैसे आले तरच मालकाला मिळणार. वरचं बिल वर्षभर अडकलं तर मालकाचंही अडकलं. इथे उद्यम नोंदणी कामाला येते. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, एजंटला हजार-दोन हजार द्यायची गरज नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करारात 90 दिवस लिहिले तरी मर्यादा 45 चीच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. नोंदणी मात्र ऑर्डर घेण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर काढलेल्या नोंदणीवर वाद होतो.

बिलातून टीडीएस कापला की मालकाला फसवल्यासारखं वाटतं, पण तो कर मालकाच्याच पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो. वैयक्तिक मालकाला कामाच्या ठेक्यावर एक टक्का, नुसतं मशीन भाडं धरलं तर दोन टक्के. पॅनच दिला नसेल तर 20 टक्के जातात. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. त्यामुळे 'दर जीएसटी सोडून' असं आधीच लिहिलेलं बरं.

आणखी एक कलम नेमकं शेवटच्या पानावर असतं: 'काम संपेपर्यंत मशीन साइटवरून हलवता येणार नाही.' पैसे थकले तरी गेटपास मिळत नाही, तो यामुळे. त्यात एवढी भर घालायला सांगावी की, बिल ठरल्या मुदतीत न मिळाल्यास 15 दिवसांची लेखी सूचना देऊन मशीन नेता येईल.

हे सगळं मागितलं तर ऑर्डर हातची जाईल, अशी भीती बऱ्याच जणांना असते. कधीकधी जातेही. पण ज्या कंपनीला दोन दिवसांत खड्डे सुरू करायचे असतात, तिलाही मशीन शोधत बसायला वेळ नसतो. सगळंच एकदम मागण्यापेक्षा किमान तास, लॉगशीट आणि पेमेंटची मुदत या तिन्हींवर अडून बसावं, दरात थोडं खाली यायची तयारी ठेवावी. "साहेब, ताशी पन्नास कमी घ्या, पण दीडशे तास लिहून द्या," हे बोलणं मशीन अंगणात उभं असतानाच चालतं. ते साइटवर पोचल्यावर मालकाचं कोणी ऐकत नाही.

फोनवर "करून देतो" म्हटलेलं धरू नये. बदल केलेली ऑर्डर कंपनीच्या ईमेलवरून, सही-शिक्क्यासह पुन्हा मागवावी. ती तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या वकिलाकडून किंवा इंग्रजी जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावी आणि ट्रेलर त्यानंतरच बोलवावा.