काडीचं वय

उरणच्या मोरा बंदराजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. घरात आजोबांच्या वेळच्या वाजवायच्या काड्या निघाल्या, काही ताशाच्या, काही बँडमधल्या ड्रमच्या. कोणी आणि कधी केल्या, ते ‘कार्बन टेस्ट’मध्ये कळेल का?

आधी फुकटातला तपास. ड्रमच्या काडीवर ‘5ए’, ‘2बी’ असं काही कोरलंय का बघा. ही अक्षरं शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी रूढ केली: ‘बी’ बँडसाठी, ‘ए’ ऑर्केस्ट्रासाठी. (ऑर्केस्ट्राचा ‘ओ’ छापून चांगला दिसत नाही म्हणून ‘ए’ घेतला म्हणे!) टोक मूळचंच नायलॉनचं असेल, तर काडी 1958च्या आधीची नाही. ते टोक नायगरा फॉल्स गावच्या ज्यो कॅलाटो यांची करामत. विक फर्थ यांचा शिक्का असेल, तर 1963च्या अलीकडे या; बॉस्टन सिम्फनीतल्या या टिंपनीवादकाने कारखाना काढला तो त्या वर्षी.

ताशाच्या काडीवर असलं काहीच नसतं. करणारा कोण, ते घरातलं कुणी सांगेल तेवढंच.

मग कार्बन? इथे वर्तमानपत्रांनी (आम्हीही त्यातलेच) फार आशा लावून ठेवली आहे. लाकडातला कार्बन ते लाकूड वाढलं कधी हे सांगतो, काडी कातली कधी हे नाही. गोधडीचं वय आतल्या लुगड्यावरून काढण्यासारखं आहे हे. लुगडं आजीच्या लग्नातलं असेल, गोधडी गेल्या दिवाळीतली. जुन्या घराच्या सागवानी वाशातून कुणी काडी कातली असेल, तर प्रयोगशाळा वाशाचं वय सांगेल, तेही ढोबळ.

तरी विसाव्या शतकाची एक खूण सगळ्या झाडांत आहे. अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 उत्तर गोलार्धात 1963-64च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाला आणि मग उतरत गेला. त्याचा चढउतार वर्षावर्षाने कुठे वाचता येतो? आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या सागात! सागाला वर्षाला एक वर्तुळ येतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सुप्रियो चक्रवर्ती, आर. रमेश आणि एस. कृष्णस्वामी यांनी त्या वर्तुळांतला कार्बन-14 मोजून 1994 साली प्रसिद्ध केला. स्ट्रॅडिव्हेरियसच्या ‘मेसाया’ व्हायोलिनच्या अस्सलपणाबद्दल लाकडातल्या वर्तुळांवरून झालेला वाद जगभर गाजला; ठाण्याचा साग मात्र ठाण्यातही कुणाला माहीत नाही.

आता खरी गंमत. या तपासात ड्रमच्या महागड्या हिकरी लाकडाच्या काडीपेक्षा ताशाची बांबूची काडी सरस ठरते. बांबू गवतच, एका हंगामात पूर्ण उंच होतो आणि काही वर्षांत तोडला जातो. त्यातला कार्बन त्या थोड्या वर्षांचाच, आणि बांबू जपून ठेवून वीस वर्षांनी काड्या कोण करणार? तपासणीला काही मिलिग्रॅम पुरतात.

पण कार्बन-14ची एकच पातळी चढताना एकदा आणि उतरताना एकदा भेटते, त्यामुळे उत्तरं दोन येतील. शिवाय गेल्या काही वर्षांत ती पातळी चाचण्यांपूर्वीच्या जागी परत आली आहे. आज तोडलेला बांबू यंत्राला पणजोबांच्या काळातला वाटू शकतो. म्हणून तपासणीवर पैसे घालण्याआधी आजोबा कोणत्या सालापर्यंत वाजवत होते, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या.