संवेदकस्थ कृत्रिम बुद्धिमत्ता
संवेदकाच्या मापनांचा अर्थ दूरच्या संगणकाऐवजी त्याच उपकरणातील सूक्ष्मप्रक्रियकावर, अल्प ऊर्जेत लावण्याची पद्धती. सर्व मापने सतत प्रेषित करण्यात वीज फार खर्ची पडते. येथे केवळ निष्कर्ष पाठविला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) ‘मायशेक’ योजनेत (२०१६) भ्रमणध्वनीतील प्रवेगमापकाने टिपलेले कंपन भूकंपाचे की माणसाच्या हालचालीचे, हे ध्वनीतच बसविलेले लहान तंत्रिका जाल ठरविते. एकटे उपकरण फसू शकते. म्हणून अनेकांचे संदेश मध्यवर्ती संगणक पडताळतो.

हिंगोली जिल्ह्यासारख्या ठिकाणी या पद्धतीची मर्यादा दिसते. तेथे २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी ४·५ महत्तेचे भूकंप झाले, पांगरा शिंदे (ता. वसमत) परिसरात भूगर्भातील आवाजही वारंवार ऐकू आले आहेत. केंद्र गावाखालीच उथळ असल्यास प्राथमिक तरंगामागोमाग दुय्यम तरंग एकदोन सेकंदांतच पोहोचतो. घराबाहेर पडण्याइतकी पूर्वसूचना त्यातून मिळत नाही. लहान धक्क्यांच्या दाट नोंदी मात्र मिळू शकतात.